चालत आलेलं

शुक्रवारच्या बैठकीत आकडेवाली म्हणाली, "के-चारने पोहायला जाऊ नये म्हणजे झालं," आणि सगळे हसले. मीही हसले. आमच्या बैठकीत विनोद इतके क्वचित होतात की झालेल्या विनोदाला हसणं हे एक कर्तव्यच असतं. मग मी चहाचा कप ओठांशी नेला आणि तो तिथेच राहिला, कारण के-चार म्हणजे मी होते. हे त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आमची प्रयोगशाळा जुन्या हाडांची. आठ हजार वर्षांपूर्वी ज्यांनी पहिल्यांदा जमीन उकरून धान्य पेरलं त्या लोकांची हाडं आमच्याकडे येतात, मी ती दळते, त्या पिठातून डीएनए काढते आणि पुढे संगणकावर तपासायला आकडेवालीकडे देते. आमच्यापैकी कुणाची शिंक, घामाचा थेंब, डोक्याचा केस त्या पिठात पडला तर तो ओळखता यावा म्हणून इथे काम करणाऱ्या प्रत्येकाची थुंकी घेऊन तिचा डीएनए वाचून ठेवलेला असतो. नऊ माणसं, नऊ नंबर. कुणाला आपला नंबर माहीत नसतो. नंबर मी लावले होते, आणि यादी एका बंद पाकिटात, माझ्या खणात, कुलपात. आकडेवालीने गंमत म्हणून सगळ्या हाडांमध्ये माहीत असलेल्या आजारांची डीएनएतली अक्षरं शोधली होती. आम्ही नऊजण त्याच फाइलीत पडलेले असल्यामुळे आम्हीही चाळणीतून निघालो. पडद्यावर तीन ओळी लाल झाल्या होत्या. बारा नंबरचं हाड, एकोणीस नंबरचं हाड, आणि खाली के-चार.

"हृदयाचं आहे," आकडेवाली वाचत होती. "एका अक्षराची चूक. ठोका दिल्यावर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जरा जास्त वेळ लागतो. एरवी माणूस ठणठणीत. पण पोहताना, जोरात पळताना, किंवा कानाशी एकदम मोठा आवाज झाला तर बंद पडू शकतं. काहींना जन्मभर काहीच होत नाही." सर खुर्चीवरून उठले. सर उठले की समजावं, त्यांना निबंध दिसायला लागला आहे. गेली सोळा वर्षं ते एकाच प्रश्नाच्या मागे आहेत: शेती चालत आली की शेतकरी चालत आले? म्हणजे एका गावाचं बघून दुसरं गाव पेरायला शिकलं, की पेरणारी माणसंच पिढ्यान् पिढ्या, बायकापोरं, शेळ्या आणि बियाणं घेऊन सरकत राहिली? हाडं म्हणत होती, माणसंच आली. आधीपासून तिथे शिकार करून राहणाऱ्यांशी त्यांची सोयरीक जमायला शेकडो वर्षं लागली. "आणि बघा," सर म्हणाले, "ही चूकही त्यांच्याबरोबर चालत आली! शेळ्या आल्या, धान्य आलं, आणि हे आलं! के-चारमध्ये आजूबाजूची अक्षरं जुळतात?" "छोटासा तुकडा आहे सर, पण तोच आहे." "भले!" सर म्हणाले, "जिवंत पुरावा!" तेव्हा सगळे पुन्हा हसले, आणि मी कप खाली ठेवला. बशीवर त्याचा आवाज झाला. मला वाटलं, त्या आवाजाने सुद्धा होऊ शकेल.

मी तडक माझ्या स्वच्छ खोलीत गेले. पांढरा सूट चढवला, दोन हातमोजे, मुखपट्टी, डोळ्यांवर बंद चष्मा. तिथे कुणी आत येत नाही आणि आलं तरी चेहरा दिसत नाही. आई शेजारणीला सांगते, माझी मुलगी हाडं दळते. शेजारीण दर वेळी पुन्हा विचारते, की आईला गंमत वाटते म्हणून आई दर वेळी पुन्हा सांगते, ते मला कळलेलं नाही. कानामागे एक हाड असतं, अंगातलं सगळ्यात टणक. बाकीचा सांगाडा भुसा होतो तेव्हाही ते टिकतं. बारा नंबरचं ते हाड मीच दळलं होतं, दोन वर्षांपूर्वी. आणि सूटमध्ये उभी असताना मला एकदम हायसं वाटलं, कारण उत्तर सोपं होतं: माझीच घाण हाडात गेली असणार. कुठेतरी हातमोजा फाटला असेल, मुखपट्टी सरकली असेल. चूक माझी, कामातली. फार तर नोकरी जाईल. नोकरी जाण्याच्या कल्पनेने मला इतका आनंद यापूर्वी कधी झाला नव्हता. पाच मिनिटं तरी मी त्या आनंदात राहिले असेन. मग कळलं, की माझी घाण हाडात जाऊ शकते, हाडाची घाण माझ्यात येऊ शकत नाही. के-चारची ओळ माझ्या थुंकीवरून काढलेली होती. हाड स्वच्छ असो की घाणेरडं, माझी ओळ लालच राहणार होती. आणि मग 'पोहताना' हा शब्द, जो इतका वेळ नुसता कानाबाहेर उभा होता, तो आत आला.

बाबा बुडून गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि दादा चौदाचा. गावाबाहेर एक जुनी दगडखाण होती, पाण्याने भरलेली, आणि तिला सगळे तळंच म्हणायचे. बाबा छापखान्यात मशीनवर होते; रविवारी छापखाना बंद, म्हणून आम्ही चौघं बसने गेलो होतो. त्यांनी पँटची घडी केली, घडीवर चष्मा ठेवला, आणि चष्म्यावर रुमाल, वाऱ्याने उडू नये म्हणून रुमालावर एक खडा. इतका नेटका माणूस. दादा आधीच पोहून समोरच्या कातळावर जाऊन बसला होता, आणि तिथून ओरडला, "या ना बाबा! की दम गेला?" बाबा हसले आणि त्यांनी सूर मारला. ते लहानपणापासून नदीत पोहलेले. त्यांचं पोहणं बघायला काठावरची माणसं बोलायची थांबायची. अर्ध्यावर ते थांबले. मागून कुणी हाक मारल्यावर माणूस रस्त्यात थांबतो, तसे. हात वर केला नाही, ओरडले नाहीत, पाणी उडालं नाही. डोकं दिसत होतं, मग दिसेना. मला वाटलं बुडी मारली. दादालाही तेच वाटलं असावं, कारण तो हसत होता, आणि तो हसतोय हे मला काठावरून दिसत होतं, आणि त्याचं हसणं केव्हा थांबलं तेही मी बघितलं. त्याने तीनदा बुडी घेतली. काठावरच्या माणसांनी बाबांना काढलं. दवाखान्याच्या पडवीत, बाकावर बसून, आई दादाला एकदाच म्हणाली, "तू कशाला बोलावलंस रे त्यांना?" पुन्हा कधी म्हणाली नाही. म्हणायची गरजच राहिली नव्हती. ते वाक्य घरात होतंच, जेवताना ताटांच्या मधोमध, परीक्षेचा निकाल आला तेव्हा, आजारपणात. अठराव्या वर्षी दादा दुसऱ्या शहरात नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. आई त्याचं नाव काढते, विचारपूस करते, पण माझ्यामार्फत. फोन मी करायचा, निरोप मी द्यायचा. तेहतीस वर्षं मी त्या दोघांमधली तार आहे.

आणि आमच्या फ्रिजवर मासोळीचा फोटो होता. दादाची मोठी मुलगी, पंधरा वर्षांची. डोक्याला घट्ट टोपी, कपाळावर चष्मा, गळ्यात कांस्यपदक. तीन वर्षांची असल्यापासून दादाने तिला पाण्यात घातलं. वहिनी म्हणायची, एवढ्याशा पोरीला कशाला, तर तो म्हणायचा, तिला यायलाच पाहिजे. आपल्या पोरीला पाण्याने काही करू नये एवढंच त्याला हवं होतं. पोरीने त्याचं भलतंच करून ठेवलं: ती पाण्यावाचून राहीना. तेव्हापासून ती मासोळी. शुक्रवारी घरी आल्यावर मी फ्रिज उघडला आणि काय घ्यायचं होतं ते विसरून तशीच उभी राहिले, गार हवा पायांवर घेत. माझ्या बाबांचं अर्धं माझ्यात, अर्धं दादात. नाणं उडवल्यासारखं. दादाकडून पुन्हा नाणं, मासोळीकडे. हे गणित मी रोज करते, मेलेल्या माणसांसाठी.

फोन त्याच संध्याकाळी करायला हवा होता. केला नाही. कारण तयार होतं आणि चांगलं होतं: खात्री झाल्याशिवाय कशाला घाबरवायचं? आमच्या खोलीतली थुंकी चार वर्षांपूर्वीची, नंबर मी लावलेले, माझीच अदलाबदल झाली असेल तर? म्हणून सोमवार उजाडायच्या आधीच, शनिवारी, मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या तपासणी केंद्रात जाऊन रक्त दिलं. रिपोर्ट पुढच्या शनिवारी, असं काउंटरवरची बाई म्हणाली. हृदयाचा आलेख काढायला दहा मिनिटं लागतात, त्यातही हे बहुतेक वेळा दिसतं, आणि त्याच इमारतीत खाली त्याची पाटी होती. ती पाटी मी वाचली. येताना वाचली, जाताना वाचली. दहा मिनिटांत कळणारं मला नको होतं. मला आठवडा हवा होता.

त्या आठवड्यात मी माझ्या हृदयाशेजारी राहिले. दुसरा शब्द नाही. आपल्या छातीत काहीतरी चालू असतं हे बेचाळीस वर्षं मी विसरून होते, आता ते शेजारच्या खोलीतल्या आजारी माणसासारखं झालं. पावलं न वाजवता चालायचं, आणि आवाज थांबला की कान द्यायचा. मनगटावर दोन बोटं ठेवायची सवय लागली, बसमध्ये, लिफ्टमध्ये, सरांशी बोलताना पाठीमागे हात बांधून. दोन ठोक्यांमधली जागा, एरवी जिच्यात काही नसतं, ती मला मोठमोठी दिसायला लागली. त्या जागेत बाबा थांबले होते. गजराचं घड्याळ मी कपाटात, स्वेटरांच्या खाली ठेवलं. फोन मुका केला. दारावरच्या घंटीची वायर काढली, आणि आई म्हणाली, "घंटी वाजत नाहीये," तर म्हटलं, "बिघडली असेल." जिने चढताना मी प्रत्येक मजल्यावर थांबून खिडकीतून बाहेर बघायचं नाटक करत होते, आणि चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने, जो स्वतः तिथेच दम खायला थांबतो, मला विचारलं, "काय दिसतं हो तुम्हाला रोज?" कामावर मी आणखी दोन हाडं दळली. आवाज होतो म्हणून कानात बोळे घातले. बारा आणि एकोणीस पुन्हा पुन्हा डोक्यात येत होते. बारा हा पुरुष, दातांवरून पन्नाशी ओलांडलेला. एकोणीस त्याच्या शेजारीच पुरलेली मुलगी, चौदा-पंधराची, आणि अक्षरं म्हणत होती की ती त्याचीच. त्यांच्या वस्तीखालून नदी जात होती. तिच्या हाडांवर मार नाही, रोगाची खूण नाही. काहीच नाही. पूर्वी अहवालात मी 'मृत्यूचे कारण अज्ञात' असं सरळ लिहीत असे. त्या आठवड्यात मला दिसायला लागलं, की ती मुलगी नदीकाठी आहे आणि तो माणूस धावतो आहे, आणि त्याला कारण कधीच कळणार नाही, म्हणून तो कुणाला तरी विचारणार: तू कशाला बोलावलंस तिला?

मंगळवारी संध्याकाळी आई ओट्याशी मटार सोलत बसली होती. मी समोर बसून दोन शेंगा घेतल्या. "आई, बाबांची धाकटी बहीण कशाने गेली गं?"

"कुठली?"

"एकच होती ना."

"ती होय. ती मी सून होऊन यायच्या आधीच गेली. एकोणिसाव्या वर्षी." आई दाणे काढत राहिली. "सकाळी गजर वाजला, उठून बसली, आणि बसल्या बसल्या कलंडली. तुझी आजी म्हणायची, दचकून गेली."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगायचं? त्यांच्याकडची माणसं अशीच जायची. एक काका रस्त्यात, बस पकडायला धावताना." मग तिचा हात थांबला. शेंग तशीच, अर्धी फोडलेली. "का विचारतेस?"

"सहज."

आईने माझ्याकडे बघितलं. सत्त्याहत्तर वर्षांची आहे, डोळ्यांतले मोतीबिंदू काढलेले, पण बघते ती आरपार. मला वाटलं, आता विचारेल. तिने शेंग पूर्ण फोडली, दाणे भांड्यात पाडले आणि म्हणाली, "ती घंटी तूच काढून ठेवलीयेस ना?" मी हो म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही. तिला भीती वाटली होती. आणि माझ्यासाठी वाटली असेल तितकीच, मला वाटतं, दुसऱ्या एका गोष्टीची, जी तिला मटारच्या त्या शेंगेपाशी पहिल्यांदा दिसली असावी, आणि जिच्याकडे तिने पुन्हा बघितलं नाही.

शनिवारी सकाळी साडेदहाला काउंटरवरच्या बाईने पाकीट दिलं. मी ते जिन्यातच फाडलं. जे अक्षर असायला हवं ते नव्हतं, दुसरंच होतं. मला वाचायला कुणाची मदत लागली नाही. मी पायरीवर बसले आणि दादाला फोन लावला. त्याने तिसऱ्या घंटीला उचलला, आणि त्याच्या आवाजाआधी मला दुसरंच ऐकू आलं: उंच छताखाली घुमणारे आवाज, टाळ्या, एक लांब शिट्टी.

"बोल बारके. लवकर बोल, मासोळीची पाळी आहे."

"कुठे आहेस?"

"तलावावर. स्पर्धा आहे तिची. चौथ्या पट्ट्यात आहे, उभी राहिली बघ—"

"दादा, तिला उतरू देऊ नकोस."

"काय?"

"उतरू देऊ नकोस! थांबव तिला! बाबांचं हृदय थांबलं होतं दादा, ते बुडाले नव्हते, ते माझ्यात आहे, तिच्यात असेल—"

तो काय समजला मला माहीत नाही. त्याने काही विचारलं नाही. फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आला, बाकावर असेल, आणि मग त्याची पावलं. चौदाव्या वर्षापासून तो माणूस अशाच एका हाकेची वाट बघत असणार, एरवी इतक्या लवकर कुणी धावत नाही. फोन चालूच राहिला. मी तो कानावर इतका दाबला होता की कान दुखत होता. कुणीतरी ध्वनिक्षेपकावरून पट्ट्यांचे नंबर वाचत होतं. मग शांतता, पोहणारे वाकतात तेव्हा पसरते तशी. मग भोंगा. भोंगा इतका मोठा होता की मी पायरीवर दचकले, आणि दचकताना मला वाटलं, गेलं, माझंच गेलं; पण माझं चालू होतं, गळ्यात, कानात, फोनमध्ये. पाण्याचा आवाज आला. एकदम आठ जणींचा. मग ओरडा, लोकांचा, आणि त्यात दादाचा आवाज, तिचं नाव, पुन्हा पुन्हा, चौदा वर्षांच्या मुलासारखा फाटलेला. मग शिट्ट्या. एक, दोन, मग अनेक. मग कुणीतरी बाई म्हणाली, "हा कुणाचा फोन?" आणि दुसरी म्हणाली, "आत्ता आत उडी मारली ना, त्यांचा." मी म्हणत होते, "हॅलो, हॅलो, काय झालं?" पण त्या बाईने फोन कानाला लावला नव्हता. तपासणी केंद्रातली माणसं माझ्या बाजूने जिना चढत-उतरत होती. एकजण म्हणाला, "जरा सरकता का?" मी सरकले. घड्याळात बघितलं तर चार मिनिटं झाली होती. त्या चार मिनिटांत मी कशाचीही प्रार्थना केली नाही, काही आठवलं नाही. फक्त एकच, सारखं: आठ दिवस. आठ दिवस होते.

"काढली बाहेर," दादाचा आवाज आला. त्याचे दात वाजत होते. "अर्ध्यावर गेली होती. मी पट्ट्यात उडी टाकून पाय धरला तिचा. मला लाथ मारली तिने. ठीक आहे ती. रडतेय. सगळी शर्यत थांबली. आता बोल."

मी बोलले. सगळं, सरळ, जसं सरांना अहवाल सांगते तसं: अक्षर, हृदय, आत्या, काका, गोळ्या असतात, आलेख काढायला दहा मिनिटं लागतात, आज काढा, तुझा आणि दोन्ही पोरांचा. तो हं हं करत होता. त्याच्या अंगावरून पाणी फरशीवर गळतंय ते मला ऐकू येत होतं की मी ते मनानेच घालत होते, कोण जाणे. शेवटी मी थांबले. त्याने स्वतःबद्दल काही विचारलं नाही. मग म्हणाला, "म्हणजे बाबा नुसते चालत असते तरी."

"तरी गेले असते, कदाचित."

"मी हाक मारली नसती तरी."

"हो दादा."

मग त्याला रडू फुटलं, आणि मागे मासोळी ओरडत होती, "तुम्ही का रडताय? तुम्ही का रडताय आता?"

दादात निघालं. मासोळीत निघालं. धाकट्या मुलात नाही. आलेख तिघांनी त्याच दिवशी काढले, मी सोमवारी काढला, डॉक्टरीणबाई कागदाची पट्टी बोटांत सरकवत म्हणाल्या, "इतके दिवस काही झालं नाही, नशीब म्हणा." आम्ही गोळ्या घेतो. हृदयाला लगाम घालतात त्या. जिना चढताना पाय जड वाटतात, बस. के-चार म्हणजे मीच, हे मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "मी जिवंत पुरावा म्हणालो," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले. निबंधात ती ओळ घालायची की नाही ते त्यांनी माझ्यावर सोडलं आहे. मी अजून ठरवलेलं नाही. आईला मी त्या शनिवारीच सांगितलं, स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. तिने ऐकून घेतलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "फोन लाव त्याला." मी लावून दिला आणि बाहेर गेले. दादाने मला नंतर सांगितलं, की आई खूप वेळ नुसती श्वास घेत होती. मग म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेत जा." पुन्हा म्हणाली, "वेळेवर घेत जा." आणि ठेवला. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच," दादा म्हणाला. "पण मलाच म्हणाली, तुझ्याजवळ नाही."

दोन महिन्यांनी सुट्टीत दादा मुलांना घेऊन आला. तो आणि आई स्वयंपाकघरात बसून काय बोलत होते, किंवा काय बोलत नव्हते, ते मी ऐकायला गेले नाही. मासोळी माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या केसांना क्लोरीनचा वास येत नव्हता, खांदे जरा उतरले होते. हातापायांचं काय करायचं ते न कळल्यासारखी ती घरभर फिरायची. तिसऱ्या दिवशी, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "मला ती हाडं बघायचीत." मी तिला घेऊन गेले. स्वच्छ खोलीत नेता येत नाही, पण बाहेरच्या मोठ्या काचेतून दिसतं. सुट्टीचा दिवस, कुणी नव्हतं. मी आतल्या फळीवरचे खोके दाखवले. "तो बारा. ती एकोणीस."

"ती केवढी होती?"

"तुझ्याएवढी."

"कशाने गेली?"

खोटं बोलायचं मी आधीच ठरवून आले होते. ताप, साथ, असं काहीतरी. "कळत नाही," मी म्हटलं. "हाडांवर काही खूण नाही."

ती काचेला कपाळ लावून उभी राहिली. श्वासाने काच धूसर झाली, ती तिने बाहीने पुसली. मग, माझ्याकडे न वळता, अगदी शांतपणे विचारलं, "आत्या, तुला कळलं कधी?"

"त्या शनिवारी. रिपोर्ट आला तेव्हा."

"तसं नाही. पहिल्यांदा."

दादाला तिने कधीच काही विचारलेलं नसणार, तारखा तिने स्वतःच कुठूनतरी जुळवल्या असणार; शुक्रवारच्या बैठकीतला विनोद मीच दादाला सांगितला होता, हसण्यासारखं काही सांगायचं म्हणून, तो तिच्या कानावर गेला असणार. माझी बोटं मनगटावर गेली. खोटं बोलले असते तर चाललं असतं, ती पंधरा वर्षांची होती, आणि मी खोटं बोलायला तोंड उघडलंही. "आधीच्या शुक्रवारी," मी म्हणाले. "आठ दिवस मी कुणाला सांगितलं नाही. घाबरले होते."

ती मोजत होती. ओठ हलत होते. "सकाळ-संध्याकाळ," ती म्हणाली. "रविवारी नाही. चौदा वेळा उतरले मी."

तिने मला काहीही म्हणावं, ते माझ्या घरात, ताटांच्या मधोमध, मी मरेपर्यंत राहावं, याची मी तयारी केली होती. खरं तर आठ आठवडे मी त्याचीच वाट बघत होते. ती वळली. डोळे कोरडे होते, कपाळावर काचेची गोल लाल खूण. माझ्या मनगटावरची बोटं तिने बघितली, आणि बाटलीचं झाकण काढावं तशी ती एकेक करून सोडवली.

"हे बाबांना सांगू नकोस," मासोळी म्हणाली. "आजीला तर नकोच. आपल्या दोघींतच राहू दे." मग तिने माझा हात सोडला आणि दाराकडे निघाली, आणि दारापाशी थांबून, अजूनही रागातच, म्हणाली, "चल ना. भूक लागलीय मला."